काळी तार

अवधूत,

मी अन्वीला शाळेतून आणायला चाललोय. घरात आलास की आधी कोट काढ, आज त्याची गरज पडणार नाही. अकरा वाजल्यापासून बॉयलर चालू आहे आणि हॉलमधला रेडिएटर इतका तापलाय की त्यावर मी अन्वीचे मोजे वाळत घातलेत.

हो, "बाबा, हात लावू नका" असं तू बजावलं होतंस. मेन बंद करूनच लावला. वीज बोर्डात बत्तीस वर्षं काढली, दहाही बोटं शाबूत आहेत. नवा थर्मोस्टॅट तू छान बसवलास, फक्त काळी तार न्यूट्रलला जोडलीस. पुस्तकाप्रमाणे बरोबरच आहे. पण थर्मोस्टॅट म्हणजे शेवटी एक बटण, आणि बटणातून परत जाणारी काळी तार बॉयलरला पेटायचा निरोप देते. तो निरोप तू चार दिवस अडवून ठेवला होतास. एअरपोर्टवर माझ्या बॅगेतला टेस्टर बघून हसला होतास ना, त्याच्यामुळेच कळलं.

गुरुवारी येणाऱ्या हीटिंगवाल्याला फोन करून नको म्हणून सांग.

शेजारच्या मार्गारेटबाई डोकावून गेल्या. रविवारी तू त्यांना माझी ओळख इंजिनिअर म्हणून करून दिली होतीस. आज त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "वायरमन."

उद्या त्यांच्याकडे बोलावलंय. वायरमनलाच.

बाबा