सासऱ्यांच्या आवाजाचा तळ

दिंद्रुड, कडब्याच्या गंजीआडून

आदरणीय बंकटमामा,

दुरूनच पाया पडतो. जवळ आल्यावर पडू द्याल की नाही, ते पत्र वाचून ठरवा. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? आमचं म्हणाल तर जेवण उत्तम, जीव मुठीत. (फोनच केला असता, पण इथे भिंतीपलीकडे ऐकू जातं.)

धोंड्याच्या जेवणाला सासुरवाडीला आलो, तर वेशीतच माझा बॅनर. हात जोडलेला (हात माझे नाहीत, अंगठ्या मोजवत नाहीत), खाली ‘भावी जिल्हा परिषद सदस्य’. सासरे सुंदररावांनी मला न विचारता उभं केलं होतं. आमची संस्था म्हणते, उभं राहायचं तर आधी शिक्षकाची नोकरी सोडा. म्हणजे नोकरी घालवायची, नाहीतर सुंदररावांना ‘नाही’ म्हणायचं. दुसऱ्याचीच भीती जास्त.

आमची वनमाला वडिलांबद्दल म्हणाली, “आप्पा थंड असत्याल तवा बोला.” पण थंड कधी? तुमचा गणिताचा तास आठवला. आलेखाचा तळ हवा तर डेरिव्हेटिव्ह, म्हणजे चढ, शून्य कुठे होतो ते बघा, तळाशी चढ नसतो आणि उतारही नसतो. सकाळपासून ओसरीवर बसून त्यांच्या आवाजाचा आलेख मनात काढत होतो. चहाला चढ. फोनला चढ. मंडपवाल्याने छोटा मंडप आणला, तेव्हा तर उभा कडा. जेवणाच्या वेळी आवाज वाढायचा थांबला. डेरिव्हेटिव्ह शून्य! मी लगेच ‘नाही’ बोलून टाकलं.

दुसरा डेरिव्हेटिव्ह काढून चिन्ह बघा, उणं आलं तर तो तळ नसून शिखर, हेही तुम्हीच शिकवलेलं. पण धोंडे गरम होते. आणि घाबरलेला माणूस चढ-उतार बघतो, उंची बघत नाही.

“कावून? कावून न्हाई? गावभर तुमचं तोंड लावलंय जावई, ते आता मी उतरवू?”

सासूबाईंच्या हातून तुपाची वाटी माझ्या ताटात पालथी झाली (मान म्हणून नव्हे, दचकून).

शिखराचं एक बरं असतं, तिथून कुठेही सरकलं तरी खालीच. भीतीपोटी मी एक नाव घेतलं. आवाज उतरत उतरत चक्क कुजबुजीवर आला. “लई चांगला मानूस हाय.” या वेळी चिन्ह तपासलं. तळच.

आपला भाचा,
अमरसिंह

ता. क. सुंदररावांना शिकलेला, निवृत्त, नोकरी जायची भीती नसलेला माणूस हवा होता. तुमचा निरोपसमारंभाचा फोटो दिला आहे. बॅनरवर हात तेच राहतील.

आणखी एक. पत्र देणारा सिदू सुंदररावांचा ड्रायव्हर आहे. मागच्या सीटवर तेच आहेत. ‘नाही’ म्हणणार असाल तर आधी दुसरा डेरिव्हेटिव्ह काढा.