गाण्यावरचा पहारा

पनवेल,
दि. १२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
चारूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायला बसले आणि सवयीने पहिलं वाक्य 'मी येथे खुशाल आहे' असंच उतरलं. ते खोडलेलं तुला वर दिसेल. बोर्डिंगमध्ये दर शनिवारी सिस्टर आपली पत्रं वाचून मगच पाकिटं बंद करायच्या, म्हणून आपण दोघींनी घरी वर्षानुवर्षं फक्त खुशालीच कळवली. आता वाचायला सिस्टर नाहीत, तेव्हा खरं लिहिते. मला फार भीती वाटते आहे.

माझ्या प्राचीचं गाणं शुक्रवारी, २४ तारखेला बाहेर येणार. बाहेर येणार म्हणजे कॅसेट नाही, सीडी नाही, दुकानात काही नाही. फोनवर जिथे जिथे लोक गाणी ऐकतात तिथे ते एका दिवशी उगवणार. मागे कुठलीही मोठी कंपनी नाही. चाल तिची, आवाज तिचा, वाद्यं आणि शब्द हृतिकचे. हा हृतिक कोन गावचा, हसरा मुलगा, मला काकी म्हणतो. त्याचे आजोबा मिठागरात काम करायचे आणि गाणंही मिठागराचंच आहे. त्याच्या घरी रेकॉर्डिंग करायला बसले तर एक्स्प्रेस-वेवरून कंटेनर जायचे आणि प्रत्येक कडव्यात हॉर्न यायचा. म्हणून नेऱ्याला त्याच्या आत्याच्या घरी गेले. तिथे ट्रक नाहीत, पण कोंबडे आहेत. अखेरीस गाद्या भिंतीला लावून झालं एकदाचं.

तिने न्हावा शेव्याच्या शिपिंग ऑफिसातली नोकरी सोडली हे तुला माहीत आहे. बाप म्हणून इंद्रजीतनी तिला अडवलं नाही, पण पेपर वाचताना ते पान उलटत नाहीत. गाण्याची जाहिरातही तिची तिलाच करावी लागते. रोज गच्चीवर उभी राहून दोन ओळी गाते आणि ते फोनवर टाकते. खाली अनोळखी माणसं काहीबाही लिहितात. एकाने लिहिलं, आधी पोळ्या शिक. ती हसली. मी तिच्या हसण्याकडे बघत राहिले. ताई, दोन वर्षांपूर्वी ती स्पर्धेतून परत आली आणि पुढे कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती, ते तुझ्याशिवाय कुणाला मी सांगितलेलं नाही. डॉक्टरांच्या गोळ्या आता बंद झाल्या आहेत. पण हे गाणं पडलं तर ती पुन्हा त्या भिंतीकडे वळेल, ही माझी भीती आहे. बाकी सगळं त्यापुढे किरकोळ.

ती म्हणते, पहिला आठवडा महत्त्वाचा असतो. त्यात किती लोक ऐकतात यावरून ते यंत्र ठरवतं की गाणं परक्यांपुढे ठेवायचं की नाही. तुझे कान आता साथ देत नाहीत, पण तुझ्या हरिपाठ मंडळातल्या बायकांना सांग ना. चार जणींनी ऐकलं तरी माझा जीव भांड्यात पडेल.

तुझा लोभ आहेच. या वेळी त्यातला थोडा भाचीच्या नावावर करावा.
तुझी,
चारू


कऱ्हाड,
दि. १८ जानेवारी २०२५

चि. सौ. चारूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पूर्वीपासूनची भित्री. कॉयरमध्ये पहिल्या रांगेत उभी राहायचीस आणि नुसते ओठ हलवायचीस. मदरना वाटायचं, काय समरसून गाते ही मुलगी. तुझ्या वाट्याचं मी मागून ओरडून गायचे आणि बोलणी मला बसायची. तुझ्या पोटी गाणारी मुलगी यावी आणि तीही कुणाला न घाबरणारी, हा विनोद देवालाच सुचला असेल.

माझं कानाचं यंत्र कुकरसारखी शिट्टी मारतं, म्हणून ते मी डब्यात घालून ठेवलं आहे. मुलाने टॅब दिला आहे, त्यावर प्राचीचे गच्चीवरचे व्हिडिओ बघते. आवाज नाही, पण गाताना ती डावी भुवई उचलते ती थेट आपल्या आईची. पोळ्यांबद्दल लिहिणाऱ्याला मी खाली उत्तर देणार होते, मंडळातल्या शशिकलाने हात धरला.

आता मुद्द्याचं. कऱ्हाडकडून कसूर होणार नाही. काल हरिपाठानंतर मी विषय काढला. कुमुदने तिथेच उभं राहून कामं वाटून दिली. सगळी व्यवस्था लागली आहे. काय ते आत्ता विचारू नकोस, आठवडा झाला की सांगेन आणि मग तुझं तोंड बघायला मला तिथे असायला हवं होतं असं वाटेल. तू फक्त प्राचीला गरम पाणी दे आणि तिच्या खोलीत दर पाच मिनिटांनी डोकावू नकोस.

इंद्रजीतरावांना पेपरचं पान उलटायला सांग. भीती कमी कर, लोभ मात्र कमी करू नकोस.
तुझी,
रमाताई


पनवेल,
दि. ६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे. प्राचीचं गाणं काढून टाकलं. कुठेच नाही. परवा सकाळी ती मला दाखवायला गेली तर नावाच्या जागी राखाडी ओळ दिसत होती.

नीट सांगते. पहिला आठवडा इतका चांगला गेला की मी तुला पत्र लिहायचंही विसरले. प्राचीच्या फोनवर कुठल्या गावात किती ऐकलं जातं ते दिसतं. पनवेल, ठाणे, पुणे होतंच, पण सगळ्यांच्या वर कऱ्हाड. ती खूप हसली. म्हणाली, मावशीच्या गावात आपली हवा आहे. त्या दिवशी ती दोनदा भात घेऊन जेवली. इंद्रजीतनी ऑफिसात पेढे नेले.

आणि परवा त्या वितरण कंपनीची मेल आली. वितरण म्हणजे गाणं सगळीकडे पोचवणारे मधले लोक. त्यांनी लिहिलं की या गाण्याचं ऐकणं खरं नाही, कुणीतरी बनावट वाढवलेलं आहे. दिवसरात्र न थांबता तेच ते गाणं, मोजक्याच फोनवरून. असं करणाऱ्या टोळ्या असतात म्हणे, पैसे देऊन आकडे वाढवून घेतात. म्हणजे आपल्या प्राचीने लबाडी केली असा त्याचा अर्थ. तिचं खातंच कायमचं बंद होऊ शकतं. मग हे गाणं नाही, पुढचं नाही, काहीच नाही.

हृतिक रोज येतो. एरवी त्याचं पालुपद असतं, काकी, काय व्हनार नाय, आमी हाय ना. परवापासून ते त्याने एकदाही म्हटलेलं नाही आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. कालच तो म्हणाला, कुणीतरी मुद्दाम केलंय, गाणं पाडायला दुसरेच लोक अशी खोटी गर्दी सोडतात, आणि गाव कुठलंही दाखवता येतं. मग प्रीतमचं नाव निघालं. तो पूर्वी प्राची आणि हृतिकबरोबर गिटार वाजवायचा, भांडून गेला. इंद्रजीत तसेच उठले आणि त्याच्या वडिलांच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकांसमोर नको ते बोलून आले. आयुष्यात मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

प्राची रडत नाही. रडली असती तर बरं. ती पलंगावर पडली आहे आणि तोंड कुठे केलंय ते मी लिहीत नाही. मी दारात उभी राहते. आत गेले की ती म्हणते, आई, मी ठीक आहे. गोळ्यांची जुनी पट्टी मी शोधून काढली आणि परत लपवून ठेवली. आता ती तिला द्यायची म्हणून शोधली की तिच्या हाती लागू नये म्हणून लपवली, ते माझं मलाच कळत नाही.

मेसेज केला नाही, कारण अंगठ्याने लिहिलेली भीती चेष्टेसारखी दिसते. तू काही करावंस असं नाही. तू तर ते ऐकलेलंही नाहीस. फक्त मनात आमच्याजवळ राहा.
तुझी,
चारू


कऱ्हाड,
दि. १० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. चारूस,
आशीर्वाद लिहायला आज संकोच वाटतो.

तुझं पत्र दुपारी आलं आणि मी लगेच प्राचीला मेसेज केला की प्रीतमचा काही दोष नाही, बाबांना थांबव. त्यापुढचं अंगठ्याने लिहिता येईना. ते इथे लिहिते.

ती टोळी मी आहे, चारू. मी, कुमुद, शशिकला आणि मंडळातल्या बायका.

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, हे तुला माहीत आहे. पाळ्या लावायच्या, एकीच्या हातातून दुसरीच्या हातात, सात दिवस ती उभी राहिली पाहिजे. आम्ही तसंच केलं. पहिला आठवडा महत्त्वाचा असं तू लिहिलं होतंस. कुमुद म्हणाली, आठवडा म्हणजे सप्ताहच की, मग पहारे लावू. सगळ्यांचे फोन माझ्याच घरी आणले, माझ्या वायफायवर, देवासमोरच्या चौरंगावर ओळीने मांडले. गाणं संपलं की पुन्हा लावायचं, खंड पडू द्यायचा नाही. बायका पाळीने येऊन बसायच्या, वाती वळायच्या आणि लक्ष ठेवायच्या. सगळे फोन एकदम वाजायला लागले की नुसता गलका व्हायचा, म्हणून शशिकलाच्या सुनेने आवाज बंद करून दिला, म्हणाली मोजलं जातंच. मला तर आवाज असला काय, नसला काय. रात्री मी एकटी टॅबवरची ती पट्टी पुढे सरकताना बघत बसायचे. ती टोकाला गेली की मला वाटायचं, झालं, लेकरू आणखी एक पाऊल चाललं. सात दिवस झाले तेव्हा आम्ही नारळ फोडला. आणि मग थांबवायचं कशाला, म्हणून पुढेही चालू ठेवलं.

तुला चकित करायचं होतं.

मला काय वाटतं ते लिहीत नाही, कारण मग तू मला समजवायला बसशील आणि तुझ्याकडे आता त्यासाठी वेळ नाही. तू खोलीत जा. दारात उभी राहू नकोस, आत जा आणि तिच्या शेजारी पड. तिला सांग, हे कुणी वैऱ्याने केलेलं नाही. ती माझ्यावर रागावली तर रागावू दे, भिंतीकडे बघण्यापेक्षा ते बरं. कंपनीला माझं नाव, पत्ता, फोन सगळं कळवा. हवं तर मी त्यांच्यासमोर उभी राहीन.

इंद्रजीतरावांना प्रीतमच्या वडिलांकडे परत जावं लागेल. ते माझ्यामुळे गेले, तेव्हा माझंही नाव सांगा.

तुझा लोभ मागायचं आज धाडस नाही. उरला असेल तेवढा ठेव.
रमाताई


पनवेल,
दि. ३ मार्च २०२५

ती. ताईस,
चारूचा शि. सा. न. वि. वि. आणि तुझ्या त्या शेवटच्या ओळीबद्दल एक चिमटा.

ऐकायला सांगितलं होतं मीच. तेव्हा अपराध वाटून घ्यायचाच तर अर्धा इकडे पाठव.

तुझं पत्र मी प्राचीच्या शेजारी पडून वाचून दाखवलं. चौरंगावर ओळीने फोन मांडले, इथपर्यंत आले आणि पलंग हलायला लागला. मला वाटलं रडते आहे. हसत होती. मग रडली, खूप वेळ. मग विचारलं, नारळ फोडला? पुन्हा हसली. संध्याकाळी उठून तिने स्वतः कंपनीला लिहिलं, की माझ्या मावशीला ऐकू येत नाही, तिने आणि तिच्या मैत्रिणींनी प्रेमापोटी हे केलं. त्यांचं उत्तर छापील होतं. गाणं परत मिळणार नाही. खातं राहील, पण ताकीद देऊन. पुन्हा असं दिसलं तर बंद. तेच गाणं नव्याने चढवायचं तर चढवा, ऐकणं पहिल्यापासून सुरू.

गेल्या शुक्रवारी तिने ते पुन्हा चढवलं. या वेळी मी नातेवाइकांच्या ग्रुपवर काही टाकलं नाही. ऐकणारे अगदी थोडे आहेत, आणि कऱ्हाडचं एकही नाही. मी रोज बघते आणि दोन्ही बाजूंनी घाबरते. कमी दिसले तर तिच्यासाठी, जास्त दिसले तर पुन्हा कुणी प्रेम तर करत नाही ना, म्हणून.

इंद्रजीत माफी मागायला गेले. प्रीतमच्या वडिलांनी ऐकून घेतलं आणि ते दुकानातलं गिऱ्हाईक करत राहिले. ते तसंच राहिलं आहे.

आता नवी भीती. इथे एक बाई लहानसं वाचनालय चालवतात. आमची ओळख नाही, त्यांनी गाणं ऐकलं ते त्यांचं त्यांनीच. त्यांनी प्राचीला रविवारी, २३ मार्चला संध्याकाळी गायला बोलावलं आहे. खुर्च्या मांडणार आहेत. प्राचीने बजावलंय की एकाही नातेवाइकाने खुर्ची भरायला यायचं नाही. रिकाम्या राहिल्या तर रिकाम्या बघायच्या. ताई, ती हे सहज म्हणते, पण मला रिकाम्या खुर्च्या बघवणार नाहीत. पत्र बंद करत होते तर तिने ओढून घेतलं. पुढचं तिचं.

रमामावशी, सा. न. आईला आणि बाबांना मी मागे उभं राहायला सांगितलं आहे. तू मात्र पुढे बसायचं. तुला माझं गाणं सगळ्यांत जास्त वेळा वाजवून एकदाही कळलेलं नाही, ते मला बरं वाटत नाही. शब्द सोबत लिहून पाठवते. मी गाईन तेव्हा ते हातात धर आणि माझ्या तोंडाकडे बघ. मला खूप भीती वाटते आहे, हे आईला सांगू नकोस. तुझी, प्राची.

(मी वाचलं. चारू.)


कऱ्हाड,
दि. ९ मार्च २०२५

चि. सौ. चारू आणि चि. प्राचीस,
अनेक आशीर्वाद.

गाण्याचे शब्द मिळाले. दिवसातून एकदाच वाचते. मंडळात कुणाला दाखवलेले नाहीत, नाहीतर कुमुद त्याच्या प्रती काढून वाटेल. बायका रोज विचारतात, आता काय करायचं. मी सांगते, काही नाही करायचं. काही न करता बसणं किती अवघड असतं, ते आम्हा सगळ्यांना या वयात कळतं आहे. टॅब मी शेजारच्या किशोरीच्या घरी ठेवायला दिला आहे. माझ्या हाताचा भरवसा नाही.

मी २२ तारखेला, शनिवारी निघते. एसटीचं आरक्षण केलं आहे. पुढच्या खुर्चीवर बसेन. शेजारची खुर्ची रिकामी असली तरी तिच्यावर पर्स ठेवून ती भरल्यासारखी दाखवणार नाही, हे वचन देते.

चारू, तुझ्या भीतीला माझ्याकडे औषध नाही. मलाही तीच आहे. शब्द वाचून सुरू कुठून होतं ते कळलं, पण गाताना ते कुठे संपतं ते मला कळणार नाही. ती मध्ये दम घ्यायला थांबली तरी मला वाटेल संपलं. म्हणून आधीच सांगून ठेवते. हात मांडीवर धरून बसेन, आणि बाकीच्यांनी टाळ्या सुरू केल्यावरच मी वाजवीन. कुणीच सुरू केल्या नाहीत, तर मीही वाजवणार नाही.

लोभ धरून बसायला आता शिकते आहे, तो तुम्हा दोघींचा असावा.
तुमची,
रमा