पहिल्या रांगेतला टॉवेल

३ फेब्रुवारी, सकाळी ७
विनुताचा फोन. तिची अमेरिकेतली पाच जणांची पार्टी पंधराला तंजावुरात येतेय, कॉलेजच्या हॉलमध्ये. संगीताचं नाव ब्लूग्रास, तिकडचं लोकसंगीत. पोरगी तिथं नोकरी करते आणि शनिवार-रविवार हे वाजवते. माझ्याकडे तिचं एकच मागणं: अप्पा, या वेळी शेवटपर्यंत बसा.

"या वेळी" हे भुवनाने पढवलेलं. बायकोला जुनं काही विसरता येत नाही. बारा वर्षांपूर्वी विनुताच्या पहिल्या कचेरीत, म्हणजे मैफलीत, मी मधेच कॉफीला गेलो होतो, कबूल. पण तेव्हा तनी चालू होती, म्हणजे मृदंगाची एकट्याची बारी. तनीला अर्धं तंजावूर कॅन्टीनमध्येच असतं. परत येईपर्यंत तिने स्वतः बसवलेलं पद वाजवून संपवलं, त्याला मी काय करू? त्यानंतर तिने कधी मला "कसं झालं" विचारलं नाही. मला आठवतही नाही म्हणा.

५ फेब्रुवारी
संकल्प. १) रोज एक तास ब्लूग्रास ऐकणे. २) पंधराला कॉफी बंद.
ही वही देवनागरीत लिहितो. आम्ही तंजावुरातले मराठी, पण घरात सगळे तमिळच वाचतात, देवनागरी कोणाला येत नाही, त्यामुळे संकल्प मोडला तरी बोभाटा नाही. अर्थात मोडणार नाही.

६ फेब्रुवारी
ऐकलं. चार मिनिटं. आदि ताल धरला, हात नीट बसायच्या आत गाणं संपलं. मृदंग नाही, ड्रम नाही. ताल सांभाळायला कोणीच नाही यांच्यात. पहिल्या रांगेत बसून ते काम मलाच करावं लागणार.

९ फेब्रुवारी
संगीत सभेत कल्याणरामला ब्लूग्रास समजावून सांगितलं, पाऊण तास. तीस वर्षं तो माझ्या बाजूच्या खुर्चीत बसतो. म्हणाला, तुम्ही किती ऐकलंत? मी म्हटलं, पुरेसं.

१२ फेब्रुवारी
कॉफी सोडायचा सराव. चारची कॉफी घेतली नाही. चार वीसला घेतली. सराव वेगळा, कार्यक्रम वेगळा.

१४ फेब्रुवारी
विनुता आली. वाळलीय. व्हायोलिन तेच, मी शिकवलेलं, आता त्याला फिडल म्हणते आणि उभ्याने वाजवते. मी म्हटलं, बसून वाजव, पाय दुखतील. म्हणाली, अप्पा, तिथं सगळे उभेच असतात. मग म्हणाली, उद्या एक तुमच्यासाठी आहे. कुठलं ते सांगितलं नाही. मी म्हटलं, मी ओळखीन.

१५ फेब्रुवारी, दुपारी ४
सकाळपासून कॉफी नाही. तीनला अर्धी घेतली, ती भुवनाची उरलेली, मोजत नाही. नेसायला कोरी वेष्टी काढली. खुर्ची धरायला टॉवेल बरोबर.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ८
घरी आलो. उद्या लिहीन. दमलो.

१६ फेब्रुवारी, सकाळी ६
जे झालं ते नीट लिहून ठेवतो, नंतर लोक काहीही सांगतील.

पाच जण एकाच माइकभोवती. एक पुढं येतो, वाजवतो, मागं सरतो, दुसरा येतो. दुकानावर गिऱ्हाइकं उभी असतात तसं. मी ताल धरला. सहा गाणी नेटाने बसलो, हे कल्याणरामही सांगेल. डोकं ठणकत होतं, तरी बसलो. सातव्याला बँजोवाला एकटाच वाजवू लागला, बाकीचे चार जण हात खाली सोडून मागं. आता हे तनी नाही तर काय? सभेत चाळीस वर्षं काढली, मला कळतं. वीस मिनिटं निवांत. खुर्चीवर टॉवेल ठेवला आणि निघालो.

कॅन्टीनमध्ये मी एकटाच. तिथंच संशय यायला हवा होता. पण कॉफी आली होती.

त्यांची तनी एका मिनिटाची असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

नंतर भुवनाने सांगितलं ते असं. विनुता पुढं आली. म्हणाली, मला व्हायोलिन अप्पांनी शिकवलं, ते पहिल्या रांगेत बसलेत. आणि ती पाच वर्षांची असताना मी तिच्याकडून घोटून घेतलेली पहिली सरळी वरिसै, सा रे ग म प ध नी सा, ती ब्लूग्रासच्या ढंगात वाजवली. अख्ख्या हॉलने माझ्या खुर्चीकडे वळून टाळ्या वाजवल्या. टॉवेलला.

मी आत आलो तेव्हा सगळे उभे होते. मला वाटलं मंगलम, समारोपाचं पद.

१६ फेब्रुवारी, सकाळी ११
विनुता चेन्नईच्या गाडीला गेली. स्टेशनवर मी म्हटलं, फार सुरेख वाजवलंस, शेवटचं तर खासच. ती म्हणाली, अप्पा, कॉफी कशी होती? रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.
बरी होती, म्हटलं.

१७ फेब्रुवारी
भुवनाच्या फोनवर व्हिडिओ आहे. चार वेळा ऐकला, हललो नाही. सम चुकली नाही तिची एकदाही. शेवटी कॅमेरा पहिल्या रांगेकडे वळतो.
टॉवेल नीट घडी घालून ठेवला होता मी.