खंडेनवमीला चालू ठेवलेलं मशीन

आप्पा, तुमचा धाकटा गेला. सीमेवर, नोकरीचे चार महिने उरले असताना. तुम्ही गेलात तेव्हा तो नुकताच भरती झाला होता. गोळीने नाही गेला. टेबलफॅनएवढं ड्रोन चौकीवर आलं, एक घिरटी घातली आणि खाली कोसळलं. पलीकडे कुठेतरी खुर्चीत बसून कोणीतरी ते चालवत होता. त्याचा चेहरा मला माहीत नाही, हेच सहन होत नाही. उचगावात देह आणला तेव्हा लोक घोषणा देत होते. मी तोंड उघडलं नाही. मनात एकच होतं, त्यांच्याही घरचं असंच कोणीतरी जावं, एकेकाच्या.

पुढे एका कंपनीचा माणूस उद्यमबागेत आपल्या लेथच्या शॉपवर आला. सैन्याच्या ड्रोनसाठी मोटरचे शाफ्ट हवे होते, बोटभर लांबीचे. ड्रॉइंग नीट बघण्याआधीच मी हो म्हणालो.

तुमची खंडेनवमी आठवते. आदल्या दिवशी तुम्ही लेथ रॉकेलने पुसून काढायचात. सकाळी हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि मग दिवसभर स्विचला कोणी हात लावायचा नाही. "वरीसभर राबतंय, आज त्येला बसू दे," म्हणायचात. यंदा मी कामगारांना सुट्टी दिली, पूजा केली आणि माळ काढून ठेवून मशीन चालू केलं.

दुपारी धाकट्याची बायको नैवेद्याचा डबा घेऊन आली. दारातच थांबली.

"अण्णा, आज मशीन?"

"त्याच्यासाठीच चालवतोय."

तिने एक शाफ्ट उचलून पाहिला. "ह्येनं किती मरतील?"

"मोजणार नाही मी."

"तुम्ही न्हाय मोजणार, ते मोजतील. मग ते धा धाडतील, आपण वीस. त्यो मोठा बॉम्ब दोघांकडं बी हाय म्हणं. तुमच्या पुतणीला घिऊन मी कुठं पळू, म्हायेरी गुंजीला?"

"जळू दे सगळं," मी म्हणालो. तिच्याशी इतक्या मोठ्याने मी कधीच बोललो नव्हतो.

ती डबा ठेवत म्हणाली, "तिकडं बी आसंल की तुमच्यासारखाच एक मुका. सणाला बी मशीन चालवणारा." आणि गेली.

मी मशीन बंद केलं नाही. पण नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. माझा पहिला बिघडलेला रॉड तुम्ही तिथे टांगला होता, तो अजून तिथेच आहे. मी तुमच्यावर चिडलो होतो त्या दिवशी, आणि अजून एक कट, अजून एक कट करत मापाच्या खाली गेलो. तुम्ही मारलं नाही. कामगारांसमोर म्हणालात, "मधी थांबून मोजाय काय झालतं रं? काढल्यालं लोखंड परत चिकटवणार हाईस व्हय? हात थरथरतोय तवर मशीनला शिवायचं न्हाय." आणि संध्याकाळी स्वतःचा मायक्रोमीटर माझ्या हातात दिलात. तो कायमचाच दिलात, हे मला आठवड्याने कळलं.

तोच काढून सकाळपासूनचे शाफ्ट मोजले. सगळे मापाला कमी भरले. मी एकदाही थांबून मोजलं नव्हतं. सगळा माल भंगारात टाकला.

दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या बायकोने भंगाराचा ढीग पाहिला आणि मला हात जोडले. डोळे भरले होते तिचे. तिला वाटलं, तिचं ऐकून मी काम सोडलं. मी हो म्हणून मान हलवली. आप्पा, मी ते टाकले कारण असा शाफ्ट बसवलेलं ड्रोन वाटेतच पडलं असतं. मला ते पोचायला हवं होतं.

नंतर तिला न कळू देता सगळे पुन्हा केले, दर कटाला थांबून, मोजून. कंपनीकडून एकही परत आला नाही. रात्री ती पुतणीला घेऊन निर्धास्त झोपते, आणि टीव्हीवर दोन्हीकडचे लोक आणखी मोठ्या हल्ल्याच्या गोष्टी करतात तेव्हा आवाज कमी करायला मला सांगते. मी कमी करतो.

हे पत्र मायक्रोमीटरच्या डबीखाली ठेवतोय. तुम्हाला वाटेल, राग उतरल्यावर मोजलं असेल. नाही. हात थरथरतच होता. एकेक शाफ्ट तीनतीनदा मोजावा लागला.