उजव्या डोळ्याची व्यवस्था

मी उर-एमुश, निप्पूरचा मूर्तिकार, वय साठीच्या पुढे, पूर्ण शुद्धीवर राहून माझ्या पश्चातची व्यवस्था या ओल्या मातीच्या पाटीवर लिहवून घेत आहे. कोणाचे दडपण नाही. एक लेखनिक तेवढा माती सुकते म्हणून सारखी घाई करतो.

कालव्याकाठचे घर मुलगी निनदल्ला हिला. तांब्याच्या सात छिन्न्या आणि दगड घासायची कुरुंदाची पूडही तिलाच. जावयाने छिन्न्यांना हात लावू नये. त्याने त्यातल्या एकीने माशांचे खवले काढले होते.

आता थोरला भाऊ मेसाग. आमच्या मुलखात दगड नाही, तो बोटीने येतो. वडिलांनी माझ्यासाठी ठेवलेला पांढरा दगड दादाने बळकावला आणि स्वतःची मूर्ती माझ्याकडूनच घडवून घेतली. वर म्हणाला, "दगड माझा, हात तुझे. कुरकुर कसली?" मी कुरकुरलो नाही. हात जोडलेली मूर्ती घडवली, खांद्यावर त्याचे नाव कोरले आणि शिंपल्याचा उजवा डोळा डांबराऐवजी चिखलाने चिकटवला. वर्षभरात तो गळून पडला.

इनन्ना देवीच्या देवळात उभी राहून मूर्ती धन्यासाठी अखंड प्रार्थना करते, ती डोळ्यांनी. दादाची एकाच डोळ्याने करत आली. त्याची दोन्ही मुले गेली. एकदा माझ्या ओट्यावर बसून तो म्हणाला, "इनन्ना माझ्याकडे बघतच नाही रे." मी त्याच्या पेल्यात जवाची दारू ओतली आणि कालव्याच्या पाण्याचे बोलत राहिलो. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे सांगतानाही चार वेळा उठलो.

येत्या अमावास्येला जुन्या मूर्ती देवळाच्या जमिनीखाली पुरणार आहेत. त्याआधी, माझ्या मूर्तीसाठी राखलेला शिंपल्याचा उजवा डोळा निनदल्लाने दादाच्या मूर्तीत बसवावा. डांबर जाड लावावे. माझी मूर्ती एका डोळ्याची राहू दे. मी स्वतः गेलो असतो. पाय चालतात, पण दादासमोर जायला तोंड नाही.

थोरल्या भावाच्या शिक्क्याशिवाय पाटी चालत नाही, असे लेखनिक आत्ता सांगतो. आधी सांगायला काय झाले होते? बोलवा त्याला.

उर-एमुश, नखाची खूण.

साक्षीदार:
गिरिझल, शेजारचा कुंभार. शिक्का उमटवला.
मेसाग, थोरला भाऊ. पाटी वाचून दाखवली. मग म्हणाला, "डोळा तू स्वतः बसव. त्याआधी मी शिक्का देणार नाही, आणि तोवर तू मरायचं नाही." शिक्क्याची जागा रिकामी.

निप्पूर, नवा कालवा खोदला ते वर्ष, जवाच्या कापणीचा महिना, दिवस विसावा.