संत्र्यावरची कोळशी आणि एकच पान

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

डोकं भणभणून राहिलं. बागेतल्या संत्र्याची पानं काळी पडली, हात लावला की बोटाले काळं लागते. आपण त्याले कोळशी म्हणतो. हे म्हणाले, "मोबाइलमध्ये काय पायतं? मले सारं माईत आहे." मी शोधलंच. तर कोळशाच्या खाणी आल्या! हिंदीत लिहू? पण हिंदीत कोळशीले म्हणतात तरी काय?

लोधीखेड्याच्या नणंदेले फोन केला. ती म्हणे, "वयनी, आख्खं वाक्य अवतरणचिन्हात टाका. मंग जसंच्या तसं वाक्य असलेलंच पान येते."

मी आपल्या बोलीतच टाकलं, "संत्र्यावर कोळशी येऊन राहिली, काय करू?"

एकच पान आलं, शेतकऱ्यांच्या प्रश्नांचं. तेच वाक्य, मागच्या वर्षीचं. विचारणाऱ्याचं नाव पाहिलं, तर ह्यांचंच! उत्तर कोणीच दिलं नव्हतं.

मंग मले "सारं माईत आहे" कायले म्हणाले? विचारू का? हे तिकडं ओट्यावर बोटाचं काळं पुसून राहिले.

तोच प्रश्न खाली पुन्हा टाकला, माझ्या नावानं. आता ह्यांनी शोधलं तर?