दोनशे चौदाचा दुसरा बिल्ला

'एव्दोकिया' बोट
रोड्स सोडल्यानंतर, गुरुवार दुपार

प्रिय हिल्डा,

जेवण झालं आणि मी इथे लिहायच्या खोलीत येऊन बसले. या बोटीवर अजून लिहायची खोली आहे, हे तुला आवडलं असतं. सहा टेबलं, हिरव्या काचेचे दिवे, आणि खणात बोटीचं नाव छापलेले, कडा पिवळ्या पडलेले कागद. माझ्याशिवाय इथे कुणी येत नाही. आपण माल्टात व्हॅलेटाच्या वरच्या बागेतून बंदरात उभी असलेली ही बोट बघायचो, तेव्हा तू म्हणायचीस, "या म्हातारीनं आपल्यापेक्षा जास्त रंग फासलाय बघ." तसंच आहे. कठड्यावर नखानं खरवडलं की पांढऱ्याखाली पिवळा निघतो, त्याखाली हिरवा, मग लाकूड. सकाळी नळाला आधी तांबडं पाणी येतं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबते आणि आतली माणसं मुकाट्यानं उभी राहतात. दहा वर्षं आपण जिच्यावर जायचं जायचं म्हणत होतो ती ही बोट. मी सगळं बघते आहे, पण आत काही हलत नाही. काल रोड्सला बोट सात तास उभी होती आणि मी खाली उतरलेसुद्धा नाही. डेकवर खुर्ची टाकून बसले आणि समोरच्या दोरखंडाचे वेढे मोजले. अकरा होते.

मी तुला दोन कार्डं टाकली आहेत. समुद्र फार सुंदर आहे, जेवण चांगलं आहे, तुझी आठवण येते, असं त्यांत आहे. ती मिळाली असतील तर तुझ्या वॉर्डातल्या सिस्टर बर्नार्डनं वाचून दाखवली असतील आणि तू म्हणाली असशील, "इनेझ शाळेत निबंध लिहायची तसं लिहिलंय." माहीत आहे मला. पण खरं काय लिहायचं ते त्या दोन दिवसांत मला सापडत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी इस्पितळात तू मला उशीजवळ बोलावून शपथ घातलीस, ती मला शब्दन् शब्द पाठ आहे. "अकरा दिवस मला तुझं तोंड दाखवू नकोस. तू अशी बघतेस की मला वाटतं, माझ्या डोक्याशी मेणबत्त्या लावल्या आहेत. जा, फीर, खा. मधूनच परत आलीस तर मी डोळे उघडणार नाही." आणि मग हसलीस आणि तुला खोकला आला. डॉक्टर मला जिन्यात म्हणाले होते, दोन आठवडे, कदाचित तीन. अकरा दिवस त्यात बसतात, असा हिशेब मी जिन्यातच केला. तुझं तिकीट रद्द केलं, माझं ठेवलं, आणि रविवारी दुपारी आपली दोघींची केबिन दोनशे चौदा, तिच्यात मी एकटी शिरले. दुसऱ्या पलंगावर टॉवेलची घडी घालून ठेवली होती. मी ती हलवली नाही.

बोट सुटायच्या आधी संकटाची कवायत असते. केशरी जाकीट अंगात घालून आपापल्या जीवरक्षक नावेपाशी उभं राहायचं. नव्या बोटींवर म्हणे यंत्रावर कार्ड दाखवलं की झालं. इथे एक तरुण अधिकारी टंकलेली यादी घेऊन पिंपावर चढला आणि नावं पुकारू लागला. माझ्या शेजारी झारेन आणि कॉन्चेट्टा नावाचं झेयतून गावचं जोडपं होतं, जेवणाच्या टेबलावरही तेच माझ्या वाट्याला आलेत. झारेन कुरकुरत होता, "ही जाकिटं माझ्या लग्नाच्या आधीची दिसतात." कॉन्चेट्टा म्हणाली, "मग जपून घाला. तुमच्यापेक्षा टिकली आहेत." तेवढ्यात तो पोरगा म्हणाला, "दोनशे चौदा. कामेनझुली, हिल्डा." यादी जुनी होती, तुझं नाव काढायचं राहून गेलं होतं. आणि हिल्डा, मी "हजर" म्हणाले. तुझ्या आवाजात. जाड, जरा कंटाळलेल्या. पन्नास वर्षांत तो आवाज मी काढला नव्हता. तू शाळेतून पळून खडकांवर पोहायला जायचीस आणि मी शेवटच्या बाकावरून तुझी हजेरी द्यायचे, तोच आवाज. मदर इमाक्युलातानं एकदा पकडलं होतं, आठवतं? "इनेझ, तुझ्या तोंडात एकूण किती मुली राहतात?" मग त्या पोरानं "स्पितेरी, इनेझ" म्हटलं आणि मी माझ्या आवाजात हजर म्हणाले. त्यानं दोन्हींवर खूण केली. थट्टा केली असं मनाला सांगितलं आणि जाकिटाच्या नाड्या सोडत बसले.

त्यामुळे झालं असं की तू बोटीवर आलीस. उतरायच्या शिडीपाशी एक लाकडी फळा आहे, त्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एकेका प्रवाशाचा पितळी बिल्ला. बंदरात उतरताना आपला बिल्ला घेऊन जायचा, परत आलं की लावायचा. सगळे खिळे भरले की बोट सुटते. सोमवारी बघितलं तर दोनशे चौदाच्या खाली दोन बिल्ले. माझ्याशेजारी तुझा. रात्रीतून कुणीतरी तो कपाटातून काढून लावला होता. तेव्हाच मी आत जाऊन सांगायला हवं होतं. जेवणाच्या टेबलावर कॉन्चेट्टानं विचारलं, "तुमची मैत्रीण जेवायला येत नाही का? की आमच्या ह्यांना घाबरते?" मी म्हणाले, तिला बरं नाहीये. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यानंतर ती रोज रुमालात तुझ्यासाठी दोन बिस्किटं बांधून देते आणि मी ती घेते.

मंगळवारी क्रीटला, इराक्लिओला, मी उतरले. फळ्यावरून माझा बिल्ला काढला आणि तुझाही काढला. त्या घटकेला मी काही विचार केला नव्हता. एकटा कशाला लोंबत ठेवायचा, एवढंच. बाजारात जाऊन मी कॉफी प्यायले, मधाची एक बरणी घेतली, चर्चमध्ये बसले, प्रार्थना मात्र सुचली नाही. चारला परत आले, माझा बिल्ला लावला, तुझा पर्समध्येच राहिला. केबिनमध्ये येऊन बूट काढले. पाचला बोट सुटायची होती. सव्वापाचला भिंतीवरच्या भोंग्यातून तुझं नाव आलं. "मिस हिल्डा कामेनझुली, केबिन दोनशे चौदा, कृपया शिडीपाशी या." आधी ग्रीकमध्ये, मग इटालियनमध्ये, मग इंग्रजीत. पाच मिनिटांनी परत.

आता हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बिल्ला माझ्या मांडीवर होता. विसरले होते असं मी नंतर बोटीच्या याद्या-हिशेब सांभाळणाऱ्या पर्सरला सांगितलं, पण मी विसरले नव्हते. मी पलंगाच्या कडेला बसून ऐकत होते. खिडकीतून धक्का दिसत होता. दोन खलाशी धावत बाजाराच्या दिशेनं गेले, एकजण टॅक्सीवाल्यांना विचारत हिंडत होता, हातानं उंची दाखवत होता, कुणी सांगितली त्याला तुझी उंची कोण जाणे. वरच्या डेकवर झारेनचा आवाज येत होता, "एका बाईसाठी चारशे माणसं उन्हात." आणि कॉन्चेट्टाचा, "गप्प बसा. तुम्ही हरवलात तर मी त्यांना शोधूसुद्धा देणार नाही." भली मोठी बोट, चारशे माणसं, सगळी तुझ्यासाठी थांबली होती. तुला शोधायला माणसं रस्त्यावर उतरली होती. मला ते बरं वाटत होतं, हिल्डा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं ते हे. चाळीस मिनिटं मी त्यांना तुला शोधू दिलं.

मग खलाशी हात हलवत परत आले आणि मला दिसलं, आता ते सोडून देणार. मी अनवाणीच वर गेले. पर्सर स्टामातिस म्हणून आहे, साठीचा, बोटीइतकाच रंग उडालेला. त्याच्या टेबलावर मी बिल्ला ठेवला. तो म्हणाला, "कुठे आहे ती?" मी म्हणाले, इथे नाही. तो म्हणाला, "ते मला दिसतंय, बाई. कुठे आहे?" तेव्हा मला सांगावं लागलं की ती माल्टात आहे, इस्पितळात आहे, आणि ती आता कुठल्याच बोटीवर येणार नाही. हे वाक्य मी तोपर्यंत एकदाही तोंडानं बोलले नव्हते, डॉक्टरांपाशी नाही, माझ्या मुलापाशी फोनवर नाही, तुझ्यापाशी तर नाहीच. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं चष्मा काढला, पुसला, आणि कॅप्टनला फोन करून म्हणाला, "मोजणीत माझी चूक झाली." मग मला म्हणाला, "पाय बघा तुमचे. डेक तापलाय. जा, चपला घाला."

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही, आणि ती तुला सांगायलाच हवी. तू शपथ घातलीस म्हणून मी आले, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. तू जा म्हणालीस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. तुझ्या खोलीतला तो वास, सुकत चाललेले तुझे हात, मी काय बोलू न कळून हवेबद्दल बोलत राहायचे ते, या सगळ्यातून तू मला सुट्टी दिलीस आणि मी ती झडप घालून घेतली. तू शपथ घातली नसतीस तर मी दुसरं निमित्त शोधलं असतं. तुला ते कळलं होतं, म्हणूनच तू घातलीस, असं आता वाटतं. शाळेत मी तुझ्यासाठी खोटं बोलायचे. यावेळी ते काम तू केलंस.

आज सकाळी स्टामातिसनं मला बोटीच्या फोनवरून इस्पितळ लावून दिलं. सिस्टर बर्नार्ड म्हणाली, तू चमच्यानं पाणी घेतेस, बहुतेक वेळ झोपून असतेस, वाचायला दिसत नाही, पण कुणी बोललं की ऐकतेस. मी विचारलं, घाई करू का. ती म्हणाली, "घाई करा असं मी म्हणणार नाही. पण माझी बहीण असती तर मी बोटीवर बसून राहिले नसते." उद्या सकाळी पिरियस बंदराला बोट लागते, मी तिथे उतरणार आहे. दुपारच्या विमानात स्टामातिसनं ओळखीनं जागा मिळवली. तुझी शपथ मी मोडते आहे. डोळे उघडायचे नसतील तर उघडू नकोस, त्याची गरज नाही. हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुझ्यासमोर बसले की माझ्या तोंडून हवापाण्याच्या गप्पांशिवाय काही निघत नाही, तू आता कागद धरू शकत नाहीस, आणि दोघींसाठी हाच एक उपाय मला दिसतो. उद्या संध्याकाळी तुझ्या पलंगाच्या डाव्या बाजूची खुर्ची ओढून मी हे पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचणार आहे. मधे खोकला आला तर थांबेन, मधे तू झोपलीस तर थांबणार नाही. इथपर्यंत तू ऐकलं असशील, तर मी वेळेत पोचले आहे.

तुझीच, आणि या वेळी माझ्याच आवाजात,
इनेझ